जमा कुणाच्या खात्यात?

बँकेत पस्तीस वर्षे काढली. नोटांची बंडले मोजायची सवय बोटांतून गेली, डोळ्यांतून मात्र गेली नाही. म्हणूनच असेल, दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत नातू माझ्यासमोर बसून टीव्ही पाहत होता, तेव्हा तो डोळे किती वेळा मिचकावतो ते मी नकळत मोजू लागलो. एका जाहिरातीच्या वेळात सतरा वेळा! वय वर्षे आठ. "अरे, कसले चाळे करतोस? नीट बघ की!" मी म्हणालो. तो क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू.

संक्रांतीपर्यंत मान झटकणे आले, होळीपर्यंत घशातून खाकरल्यासारखा आवाज. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम. घशाच्या डॉक्टरांना घशात काही सापडले नाही. सौ.ने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शाळेच्या डायरीत शेरा आला, 'वर्गात मुद्दाम आवाज काढतो. पालकांनी समज द्यावी.' समज तर आम्ही सगळेच देत होतो. आई देत होती, बाप देत होता, आजोबा तर दिवसातून दहा वेळा देत होते.

शेवटी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून लेक त्याला होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही सोबत होतो. आमच्या घराला ही विद्या परकी नाही. माझ्या वडिलांच्या टेबलाच्या खणात चिमुकल्या बाटल्यांची लाकडी पेटी असे. कुणाला सर्दी झाली, पोट बिघडले की ते पुस्तक उघडून गोळ्या देत. कडू काढा नाही, सुई नाही. कच्चा कांदा, लसूण आणि कॉफीचे पथ्य पाळले की झाले!

त्या डॉक्टरांनी आम्हाला पाऊण तास दिला. झोप कशी लागते, अंधाराची भीती वाटते का, गोड आवडते की खारट, थंडी सोसते का, शाळेत कोण रागावते... नातू इतका मोकळा बोलला की लेक बघतच राहिली. मग 'अ‍ॅगॅरिकस' नावाच्या औषधाच्या गोळ्या मिळाल्या. हे औषध एका विषारी, लाल टोपीच्या अळंबीपासून करतात आणि होमिओपॅथीच्या ग्रंथांत ते पापण्या फडफडणे, स्नायू उडणे यांवर सांगितलेले आहे.

आणि काय सांगू, दीड महिन्यात फरक पडला! मान थांबली, आवाज जवळजवळ बंद झाला. घरात पेढे आले. पण जूनमध्ये शाळा उघडली आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे परत आले. जोडीला खांदा उडवण्याची नवी भर.

बँकेत एक चूक नेहमी सापडायची. पैसे खरोखर आलेले असत, पावती खरी असे, पण जमा भलत्याच खात्यात पडलेली असे. नातवाला मिळालेला आराम खोटा नव्हता. प्रश्न एवढाच, की तो कुणाच्या खात्यावर जमा धरायचा?

याचे उत्तर मेंदूविकारतज्ज्ञांनी दिले. या हालचालींना 'टिक्स' म्हणतात. लहान मुलांत काही काळ त्या येणे आणि आपोआप जाणे हे पुष्कळदा घडते. पण अनेक प्रकारच्या हालचाली आणि निदान एक आवाज, असे दोन्ही असेल, त्याला वर्ष उलटून गेले असेल आणि सुरुवात अठराव्या वर्षाआधी झाली असेल, तर त्याला 'टुरेट सिंड्रोम' म्हणतात. साधारण शंभर मुलांत एकाला तो असतो; मुलग्यांत मुलींपेक्षा तिपटी-चौपटीने अधिक. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरने १८८५ साली नऊ रुग्णांची हकीकत लिहिली, त्यावरून हे नाव पडले. राणी मुखर्जीचा २०१८ सालचा 'हिचकी' ज्यांनी पाहिला, त्यांना ही व्याधी ठाऊक असेल. तोंडातून नकळत शिव्या येतात तो हाच आजार, असा समज आहे. पण तसे दहातल्या एखाद्याच रुग्णाचे होते.

डॉक्टरांनी सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच होती. टिक्स समुद्रासारख्या असतात. त्यांना भरती असते, ओहोटी असते. काही आठवडे जोर, मग काही आठवडे उतार, आणि दर वेळी रूप वेगळे. दहा ते बारा या वयात त्या बहुधा शिगेला पोचतात आणि बऱ्याच मुलांत तारुण्यात शिरताना पुष्कळ कमी होतात. आता सांगा, आईबाप दवाखान्याची पायरी कधी चढतात? भरती टिपेला पोचते तेव्हा! म्हणजे त्यानंतर ओहोटी ठरलेलीच. त्या वेळी हातात जी बाटली असेल, तिच्या नावावर ओहोटी जमा होते. बाटलीच्या जागी अंगारा असता तर अंगाऱ्याच्या नावावर झाली असती.

सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरने होमिओपॅथीचा मूळ ग्रंथ १८१० साली लिहिला. त्या काळी रोग्याचे रक्त काढणे, जुलाब देणे हेच उपचार होते. त्यांपेक्षा हानेमानच्या गोळ्यांनी रोग्याचा छळ नक्कीच कमी झाला. पण हिशेब करायला बसलो की माझ्यातला अधिकारी अडतो. 'तीस' पोटन्सी म्हणजे एक भाग औषध शंभर भागांत मिसळायचे, त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, असे तीस वेळा. एकावर साठ शून्ये! बाराव्या खेपेच्या सुमारासच मूळ औषधाचा एक कणही उरण्याची शक्यता फारशी राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ साली निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही. टुरेटही त्याला अपवाद नाही.

मग त्या पाऊण तासाचे काय? तो मात्र खऱ्या जमेचा आहे, असे मला वाटते. त्या मुलाला 'चाळे करू नकोस' असे न म्हणता 'तुला काय होते?' असे विचारणारे ते पहिले माणूस होते.

या आजारावर पुराव्याने टिकलेली वाट आहे ती वर्तनोपचाराची. मानेला झटका येण्याआधी आत एक अस्वस्थ कळ उठते, शिंक यावी तशी. ती ओळखायला मुलाला शिकवतात; ती आली की हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, कळ ओसरेपर्यंत. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२६ मुले होती. हे शिकलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी अधिक सुधारली. नुसती माहिती आणि धीर दिलेल्यांपैकी पाचातले जेमतेम एक. त्रास फार असेल तर क्लोनिडीनसारखी औषधे आहेत, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. कारण झोप येणे, काही औषधांनी वजन वाढणे, असे त्यांचे दुष्परिणामही असतात. कित्येक मुलांना काहीच औषध लागत नाही. मात्र झटक्याबरोबर शुद्ध हरपत असेल, तर कुठल्याही गोळ्यांची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ती टिक नसते.

आमच्या नातवाने काही महिने हा अभ्यास केला. लेक शाळेत जाऊन शिक्षिकांना भेटली, त्यांनी वर्गाला समजावून सांगितले, डायरीतले शेरे थांबले. टिक्स संपल्या का? नाही. अजून भरती येते, ओहोटी येते.

मला मात्र माझा शाळेतला एक वर्गबंधू फार आठवतो. तो मध्येच 'हुक्' असा आवाज काढी. मास्तर छडी मारत, आम्ही हसत असू. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. ते हसणे कुणाच्या खात्यावर पडले आहे, ते मला ठाऊक आहे.

परवा नातू शेजारी बसून क्रिकेट पाहत होता. एकदम म्हणाला, "आजोबा, तुम्ही हल्ली मोजत नाही ना?"

"काय रे?"

"माझे डोळे. तुम्ही मोजायला लागलात ना, की मला जास्त व्हायचं."

त्याला सगळे कळत होते तर! मी म्हटले, "नाही रे बाळा, आता फक्त धावा मोजतो."