पेढीवरील तापलेला लॅपटॉप

मार्चअखेर जवळ आली की पेढीवरील लॅपटॉपला उसंत नसते. तो गादीवरच ठेवून हिशेब चालतात आणि तळाच्या झरोक्यांतील हवा कोंडते. उष्णता वाढताच प्रोसेसर आपला वेग आवरतो. तरीही ताप न उतरल्यास यंत्र अचानक बंद पडते व जतन न केलेल्या नोंदी नाहीशा होतात.

म्हणून लॅपटॉप सपाट, कठीण मेजावर ठेवावा. यंत्र बंद करून झरोक्यांतील धूळ मऊ ब्रशने हलकेच काढावी. तेथे सूक्ष्म जीवांचा आश्रय असू शकतो, म्हणून जयणा पाळावी. बॅटरी फुगून तळ उचललेला दिसल्यास तो दाबू नये. वापर व चार्जिंग थांबवून जाणकारास दाखवावा. हिशेबाची दुसरी प्रत रोज वेगळी ठेवावी. चोपड्या लाल बासनात जपणाऱ्या घराण्यांना ही दक्षता नवी नाही.