ॲडिरॉन्डॅकचं रान आणि तिथली शिकार

विन्स्लो होमरचं ‘हाउंड अँड हंटर’ हे 1892 सालचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. काळपट पाणी, मागे पानगळीचं रान आणि होडीत पालथा पडलेला एक तरुण. त्याने पाण्यातल्या नर हरणाचं शिंग धरलंय, त्याला दोर लावायची खटपट चाललीय आणि मागून त्याचा कुत्रा पोहत येतोय. चित्र लोकांपुढे आलं तेव्हा अनेकांचा समज झाला की हा मुलगा जिवंत हरणाला पाण्यात बुडवून मारतोय. हरीण आधीच मेलंय, असा खुलासा होमरला करावा लागला. पण लोकांच्या मनात तसं आलं याला कारण होतं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेतल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतात त्या काळी हरणं बहुतेक अशीच मारली जात.

रीत सोपी होती. कुत्रे हरणाच्या मागावर सोडायचे. जीव वाचवायला हरीण तळ्याकडे धावतं, हे ठाऊक असल्याने शिकारी तिथे आधीच होडीत बसून राहायचा. पोहणारं हरीण होडीला हरवू शकत नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याचा नेम चुकू नये म्हणून वाटाड्या हरणाची शेपटी धरून ठेवायचा, अशाही हकीकती आहेत. दुसरी रीत रात्रीची. उन्हाळ्यात माश्या-डासांना कंटाळलेली हरणं कमळाची पानं खायला उथळ पाण्यात उतरतात. होडीच्या टोकाला कंदील लावायचा आणि वल्ह्याचा आवाज न करता सरकत जायचं. प्रकाशात दोन डोळे चमकले की हरीण जागीच खिळतं आणि हाताच्या अंतरावरून गोळी सुटते. उन्हाळ्यात मारलेल्या मादीमागे पाडस उरायचं. त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

या रानात पाहुणे लोटले ते विल्यम मरे या बोस्टनच्या धर्मोपदेशकाच्या पुस्तकामुळे. ते 1869 मध्ये निघालं आणि त्याच उन्हाळ्यात तळ्याकाठची हॉटेलं भरून गेली. पाहुण्यांना रान दाखवणारे वाटाडे इथलेच. मिचेल सबाटिस हा लाँग लेकचा अबेनाकी जमातीतला वाटाडा त्यांतला मोठ्या नावाचा. या मंडळींची खास होडी ‘गाइडबोट’ म्हणून ओळखली जाते. पातळ फळ्यांची, दोन्ही टोकांना निमुळती, आणि इतकी हलकी की एक माणूस खांद्यावर जू ठेवून ती उलटी उचलायचा आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यापर्यंत रानातून चालत न्यायचा. पाठीवर काळ्या ॲशच्या पट्ट्यांची विणलेली टोपली, तिच्यात पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, काडतुसं. पाहुणा मागून मोकळ्या हातांनी यायचा.

दरम्यान रान आटत चाललं होतं. कातडी कमावण्याच्या कारखान्यांना हेमलॉकची साल हवी होती, कागद आणि इमारतीला स्प्रूस. लाकूडतोड्यांच्या छावण्या हरणाच्या मांसावर चालत, आणि मांस रेल्वेने शहराच्या बाजारातही जाई. मूस 1860च्या दशकापर्यंत नाहीसा झाला. लांडगा आणि प्यूमा यांच्यावर 1871 मध्ये राज्याने इनाम लावलं आणि शतक संपेतो दोघेही संपले. अस्वलावरही काही वर्षं इनाम होतं.

राज्य जागं झालं ते हरणांसाठी नव्हे, पाण्यासाठी. डोंगर उघडे पडले तर हडसन नदी आणि ईरी कालवा कोरडे पडतील ही व्यापाऱ्यांची धास्ती होती. व्हर्प्लँक कोल्विन हा सर्वेक्षक ते सतत मांडत होता. म्हणून 1885 मध्ये वनराखीव निर्माण झालं, 1892 मध्ये ॲडिरॉन्डॅक पार्क, आणि 1894च्या राज्यघटनेत ती प्रसिद्ध तरतूद आली की राज्याच्या मालकीचं हे रान कायम रानच राहील आणि त्यातलं लाकूड विकता, तोडता येणार नाही. पुढे 1897 मध्ये कुत्रे सोडून आणि कंदील लावून हरीण मारायला बंदी आली. काही वर्षांनी माद्यांनाही संरक्षण मिळालं. मला या सगळ्यात 1897चा कायदा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने शिकाऱ्याला होडीतून उतरवून पायी रानात पाठवलं. आज ज्याला आपण दुर्गम रानातली शिकार म्हणतो ती तिथून सुरू झाली.

त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवं. हिवाळ्यासाठी हरीण मारून मांस साठवणारा इथला गरीब शेतकरी रातोरात चोर ठरला. त्याच सुमाराला धनिकांनी रानाचे मोठे पट्टे विकत घेऊन कुंपणं घातली आणि ‘खासगी पार्क’च्या पाट्या ठोकल्या. ज्या वाटांनी तिथल्या लोकांचे बापजादे शिकारीला जात, त्यांवर पहारेकरी उभे राहिले. ऑलिव्हर लामोरा हा यादवी युद्धातला म्हातारा सैनिक विल्यम रॉकफेलरच्या हद्दीत मासे धरायला जायचा. खटला वर्षानुवर्षं चालला. गावची माणसं लामोराच्या बाजूने होती, पण अखेर जमीनमालक जिंकला. ऑरँडो डेक्स्टर या दुसऱ्या जमीनमालकाला 1903 मध्ये त्याच्याच रस्त्यावर कोणीतरी गोळी घातली. मारेकरी कधी सापडला नाही. आपल्याकडे 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांचं जे झालं त्याच्याशी हे तंतोतंत जुळत नाही, पण रानावर जगणाऱ्यालाच रानाचा शत्रू ठरवण्याची ही रीत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल.

या कुंपणांतून सुटका झाली ती सरकारी जमिनीमुळे. पार्क आज सुमारे 60 लाख एकरांचा आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा. त्यातली जवळजवळ 26 लाख एकर जमीन राज्याची आहे आणि परवाना असलेल्या कोणालाही तिथे शिकारीला जाता येतं. शिकारी गरीब असो की श्रीमंत, त्याने चालावं लागतं, एवढंच.

या चालणाऱ्यांतला नोआ जॉन रोंडो मला फार जवळचा वाटतो. हा मूळचा वाटाडा आणि सापळे लावणारा. 1929 पासून तो कोल्ड नदीकाठी बारमाही एकटाच राहिला, स्वतःला त्या ‘शहरा’चा महापौर म्हणवायचा, आणि शिकार खात्याच्या रखवालदारांशी त्याचं कधी जमलं नाही. हिवाळ्याचं जळण तो लांब वाशांचे शंकू रचून ठेवायचा. वाशांना आधीच खाचा पाडलेल्या असत, म्हणजे बर्फात दोन घाव घातले की ओंडका तुटावा. 1947 मध्ये त्याला हेलिकॉप्टरने न्यूयॉर्कच्या शिकार प्रदर्शनात नेलं. नोव्हेंबर 1950च्या वादळाने डोंगरच्या डोंगर आडवे केले, वाटा बंद झाल्या, आणि रोंडोचं रानातलं राहणं संपलं. त्याची झोपडी ब्लू माउंटन लेकच्या संग्रहालयात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-तीन दशकं इथल्या शिकारीचा भरात असलेला काळ. पाण्यावर उतरणारी छोटी विमानं शिकाऱ्यांना आडबाजूच्या तळ्यांवर सोडायची. कॅनव्हासचे तंबू, पत्र्याची चूल, आठवडाभराचा मुक्काम. पण 1972च्या राज्य आराखड्याने मोठमोठे पट्टे ‘वाइल्डरनेस’ ठरवले, तिथे मोटार आणि विमान बंद झालं, तंबूंचे कायमचे ओटे काढले गेले. जुन्या शिकाऱ्यांना ते लागलं. त्यांचा राग मी समजू शकतो, पण निर्णय बरोबर होता. विमान उतरतं तिथलं रान दूरचं राहत नाही.

पायी शिकारीचा कस लागतो बर्फात. नोव्हेंबरात नर माजावर असतात आणि पहिला बर्फ पडला की माग काढणारा पहाटे निघतो. रुंद ठसा, पावलं किंचित बाहेरच्या बाजूला, खूर ओढल्याची रेघ. मादी फांद्यांखालून वाकून जाते, मोठा नर शिंगं अडतील तिथून वळसा घेतो. ठशाची कड कुरकुरीत झाली असेल तर माग रात्रीचा, भुसभुशीत असेल तर सावज पुढेच आहे. मग दिवसभर त्याच्या मागे, आणि अंधाराआधी होकायंत्रावर परत. शेजारच्या व्हरमाँटमधल्या लॅरी बेनोइटने सत्तरच्या दशकात पुस्तक लिहून ही विद्या घरोघरी पोचवली. मारलेलं 80-90 किलोचं धूड दोराने ओढत आणायचं, की तिथेच मांस सोडवून पाठीवर वाहायचं, हे शिकाऱ्याने पहाटेच ठरवलेलं बरं.

अस्वलाचं तंत्र वेगळं. न्यूयॉर्कमध्ये अस्वलाला आमिष घालायला किंवा त्याच्यावर कुत्रे सोडायला बंदी आहे, म्हणून ते काय खातंय हे ओळखणं हीच अर्धी शिकार. सप्टेंबरात ते बेरीसारख्या रानफळांवर आणि नंतर बीचच्या बियांवर असतं. बीचच्या गुळगुळीत राखाडी खोडावर नख्यांचे ओरखडे वर्षानुवर्षं राहतात आणि चढ-उतार वाचता येतो. बिया भरपूर असतील त्या वर्षी अस्वल उशिरा गुहेत शिरतं, नसतील तर लवकर. पण 1960च्या दशकापासून बीचच्या सालीच्या रोगाने मोठी झाडं पोखरली आहेत, आणि आता पानांचा नवा रोग पसरतोय. माझी काळजी शिकाऱ्यांच्या घटत्या संख्येपेक्षा या झाडांची आहे.

हरणांच्या बाबतीत एक गोष्ट पचवायला वेळ लागतो. 1903 आणि 1908 च्या वणव्यांनंतर कोवळं रान उगवलं आणि हरणं वाढली. आज संरक्षित जुन्या रानात ती विरळ आहेत, कारण दाट सावलीत खायला कमी आणि हिवाळ्यात बर्फ खोल. साठच्या दशकाच्या अखेरच्या कडक हिवाळ्यांनी कळप मोडले होते. ज्याला जास्त हरणं हवीत त्याने इकडे येऊ नये, दक्षिणेकडच्या शेतांत जावं.

हरणं आणि अस्वलं यांच्या अभ्यासात शिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. याच राज्याच्या विल्यम सेव्हरिंगहॉसने 1949 मध्ये हरणाच्या दाढांच्या झिजेवरून वय ठरवायची पद्धत मांडली, आणि ती जगभर वापरली गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कने नव्या शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं केलं. आज अस्वल मारणारा त्याचा एक दात खात्याकडे पाठवतो, त्यावरून वय कळतं. राज्यात 6 ते 8 हजार अस्वलं असावीत असा खात्याचा अंदाज आहे.

भारतात 1972च्या कायद्याने शिकार थांबली आणि ती थांबायलाच हवी होती. तरी ॲडिरॉन्डॅककडे पाहताना आपल्या वाचकाने बंदूक बाजूला ठेवून जमिनीच्या मालकीकडे लक्ष द्यावं, अशी माझी विनंती आहे. तिथल्या रानाची तरतूद बदलायची तर ठराव दोन वेगवेगळ्या निवडणुकांतून आलेल्या विधिमंडळांनी मंजूर करावा लागतो, आणि मग राज्यभरच्या मतदारांचा कौल घ्यावा लागतो.