ओरखडे अडवणारी सिलिका

आजच्या चष्म्याची काच बहुधा प्लास्टिकची असते. पॉलिकार्बोनेटचे भिंग हातातून फरशीवर पडले तरी सहसा फुटत नाही, मात्र सदऱ्याच्या टोकाने कोरडे पुसले की त्यावर चरे उमटतात. कापडाला चिकटलेल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात आणि मोहसच्या मापनात क्वार्ट्झची कठिणता ७ आहे. या कणांना तोंड देतो भिंगावरचा काही मायक्रॉन जाडीचा पारदर्शक ‘हार्ड कोट’. त्याची ताकदही सिलिकाचीच.

अमेरिकेतील डाऊ कॉर्निंग कंपनीच्या हॅरोल्ड क्लार्क यांचे १९७६चे पेटंट या लेपांच्या इतिहासात महत्त्वाचे. कृती ऐकायला साधी आहे. पाण्यात विखुरलेले सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेन, अल्कोहोल आणि थोडी आम्लता. भिंगावर हे मिश्रण चढवून तापवले की द्रव उडून जातो, सिलेनचे रेणू एकमेकांशी आणि कणांशी जोडले जातात आणि टणक थर उरतो. त्यातील घन भागात सिलिका १० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत ठेवता येते, असे पेटंट सांगते.

एवढी सिलिका घालूनही भिंग धुरकट कसे होत नाही? कण साधारण १० ते २० नॅनोमीटरचे, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. इतके लहान कण सुटे राहिले तर प्रकाश जवळजवळ विखुरतच नाही.

सिलिकाचा ताठरपणा सुमारे ७० गिगापास्कल, तर लेपात तिला धरून ठेवणाऱ्या ॲक्रिलिकसारख्या पॉलिमरचा जेमतेम ३. म्हणून कण मिसळले की लेप ताठ आणि कठीण होतो. पण त्यासाठी पॉलिमरवर आलेला भार कणांपर्यंत पोहोचावा लागतो. काँक्रीटमधली खडी सिमेंटने घट्ट धरली तरच उपयोगी पडते, तसेच हे. कणांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांना सिलेन रासायनिक बंधाने पकडते. ही पकड नसेल तर कणांच्या गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो आणि ताण आला की तडा नेमका गुठळीपाशी सुरू होतो.

प्रमाण वाढवत नेले तर फायदाही थांबतो. कण बांधून ठेवायला पॉलिमर अपुरा पडतो, मध्ये पोकळ्या राहतात, थर ठिसूळ होतो. म्हणून प्रयोगशाळेत एकाच चाचणीवर भागत नाही: पेन्सिलीने ओरखडून कठिणता, टेबर यंत्राच्या फिरत्या घर्षणचाकांखाली झीज, चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी ओढून पकड आणि दांड्याभोवती वाकवून लवचीकता तपासतात. पहिल्या दोन चाचण्यांत अव्वल ठरलेला लेप शेवटच्या चाचणीत तडकू शकतो.

चष्मा उन्हात गाडीत राहिला की हीच परीक्षा होते. पॉलिकार्बोनेट उष्णतेने सिलिकायुक्त थरापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते आणि ताणलेल्या थरावर बारीक तड्यांचे जाळे पसरते. म्हणूनच अनेक पॉलिकार्बोनेट भिंगांवर हार्ड कोटच्या आधी मऊ प्रायमरचा थर देतात: तो वरच्या थराला पकड देतो आणि खालच्या प्लास्टिकची हालचाल सामावून घेतो.