घरकुल ऑनलाइन : रांग नेमकी कुठे आहे?

'घरकुल' हा शब्द शहरातल्या मुलांना कवितेतला वाटेल. आमच्या हरसूलकडे मात्र तो पक्का सरकारी शब्द आहे! हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं बाजाराचं गाव. आजूबाजूला कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांचे पाडे. कुडाच्या भिंती आणि वरून धो धो पाऊस. घराचा हप्ता पावसाच्या आधी मिळाला की नंतर, यावर घरातल्यांचे चार महिने ठरतात.

सुट्टीत गावी गेलो की हमखास ऐकू येतं, "तू इंजिनिअरिंगला ना, मग बघ की कॉम्प्युटरवर माझं नाव!" म्हणून हा लेख.

ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजना चालते. जुन्या इंदिरा आवास योजनेची जागा तिने २०१६ साली घेतली. केंद्राच्या नियमाप्रमाणे मदत सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ, दुर्गम भागात १,३०,००० रुपये. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. सगळा हिशोब 'आवाससॉफ्ट' या प्रणालीवर राहतो.

आता पहिला गैरसमज. फॉर्म भरला की नंबर लागला, असं रेल्वेच्या तिकिटासारखं इथे नसतं. नाव आधी यादीत असावं लागतं. पहिली यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेतून आली. त्यात सुटलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस' सर्वेक्षण झालं. २०२४ मध्ये नवं ॲप आलं, त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवायची आणि स्वतःच स्वतःचा सर्वे करायचीही सोय दिली. यादी तपासायचा हक्क ग्रामसभेचा.

पुढची साखळी अशी : नोंदणी, जुन्या घराचा आणि नव्या जागेचा फोटो, मंजुरी, मग बांधकाम जसं वर चढेल तसे हप्ते. प्रत्येक टप्प्याच्या फोटोला अक्षांश-रेखांश चिकटतात. त्यामुळे दुसऱ्याचं घर दाखवून पैसे उचलणं अवघड झालं. पैसेही थेट खात्यात. ही सुधारणा खरी आहे, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

मग अडतं कुठे? समजा, आधारवर नाव 'काशीबाई', पासबुकावर 'काशी'. माणसाला कळतं की बाई एकच. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी माणसं! दुसरं म्हणजे, बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं आधारला जोडलं गेलं, असं नाही. आधारवर पैसे पाठवले तर ते शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. दोन खाती असली की पैसे एकीकडे आणि माणूस दुसरीकडे शोधतोय. तिसरी गोष्ट जागेचा कागद. घर बांधायचं ती जमीन स्वतःच्या नावावर नसेल, तर ॲप कितीही फास्ट असलं तरी काय उपयोग?

आपल्या भाषेत सांगायचं तर हा 'बॉटलनेक'चा प्रश्न आहे. पाइप मध्येच अरुंद असेल तर तोंडाशी मोठा नळ लावून पाणी वाढत नाही. फॉर्म पाच मिनिटांत भरला जाईलही, पण रांग फॉर्मपाशी नव्हतीच. ती नावाच्या स्पेलिंगपाशी, बँकेच्या खिडकीपाशी आणि सातबाऱ्यापाशी आहे.

मग सुधारणा तिथेच हवी. अर्ज अडला तर का अडला, हे साध्या मराठीत कळावं. गावाची यादी आणि प्रत्येक अर्जाची स्थिती महिन्यातून एकदा छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी. आणि नोंदणीच्या आधीच पाड्यावर एक दिवस बसून आधार, पासबुक, जागेचा कागद ताडून बघावा.

यातलं शेवटचं काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे. त्याला कोडिंग लागत नाही. एक वही, एक पेन आणि दोन कागद शेजारी ठेवून वाचायचा धीर, बस्स! आपल्या एनएसएसच्या कॅम्पला यंदा हाच विषय घेतला तर? बघा, पटतंय का.