शब्दांचे सामर्थ्य

शाळेची घंटा होते. प्रार्थना संपते. मुले आपापल्या वर्गात येऊन बसतात. गुरुजी हजेरीपट उघडून एकेक नाव घेऊ लागतात आणि प्रत्येक नावापाठोपाठ 'हजर' असा आवाज उठतो. हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इतका रुळला, की तो परका आहे असे आज कोणाला वाटतही नाही. त्यापासूनच 'हजेरी' हा शब्द तयार झाला. आपले नाव कोणीतरी घेतले, आपण आलो आहोत याची नोंद झाली, एवढाच त्याचा अर्थ. तो ऐकून कोणाही मुलाला भय वाटत नाही.

परंतु शंभर वर्षांपूर्वी ह्याच महाराष्ट्रात 'हजेरी' हा शब्द कानी पडताच कित्येक घरांतील माणसांच्या काळजात धस्स होत असे.

इंग्रज सरकारने 1871 साली एक कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत, असे त्या कायद्याने ठरवून टाकले. पाळण्यातील मुलाला अजून स्वतःचे नावही उच्चारता येत नसे. तोच त्याच्या कपाळी 'गुन्हेगार' हा शब्द लिहिलेला असे. याच वृत्तीतून गावोगावी हजेरीची पद्धत रूढ झाली. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या माणसांना पाटलापुढे किंवा चावडीवर जाऊन ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे. त्यांनी चोरी केली आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नसे. परगावी मुलीच्या घरी जायचे असले, कोठे मोलमजुरी मिळत असली, तरी हजेरी चुकवण्याची सोय नव्हती. अंगावर बेडी दिसत नव्हती. पण एका शब्दाने माणसांना जखडून ठेवले होते.

कोल्हापूर संस्थानात त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. हजेरी ही एक प्रकारची गुलामगिरीच आहे, हे महाराजांनी ओळखले. त्यांनी आपल्या संस्थानात ती बंद केली. त्याच सुमारास, म्हणजे 1917 साली, त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो पालक आपल्या मुलाला शाळेत पाठवणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. एकीकडे चावडीवरची हजेरी गेली आणि दुसरीकडे शाळेतील हजेरी आली. शब्द तोच, पण पहिल्या हजेरीत संशय होता, तर दुसरीत त्या मुलाने शिकून मोठे व्हावे अशी तळमळ होती.

महाराजांचे हुकूम म्हणजे तरी काय? कागदावर लिहिलेले काही शब्दच. परंतु त्या शब्दांच्या पाठीशी शाळा होत्या, शिक्षक होते, पैसा होता आणि दिलेला शब्द पाळण्याचा निश्चय होता. म्हणूनच त्या शब्दांना वजन आले. ज्याच्या पाठीशी कृती नाही तो शब्द वाऱ्यावर विरून जातो.

ह्याच काळात मुंबईत एक नवे पाक्षिक निघाले. 31 जानेवारी 1920 रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ते सुरू केले. त्याचे नाव होते 'मूकनायक'. जी माणसे मुकी नव्हती, पण ज्यांचे बोलणे कोणी ऐकूनच घेत नव्हते, त्यांचा हा नायक. पुढचे सारे लेख वाचण्यापूर्वीच ह्या नावाने त्या पत्राचे काम सांगून टाकले. पत्राच्या शिरोभागी संत तुकारामांचा अभंग छापलेला असे. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले; तीनशे वर्षांनंतरही ते एका नव्या लढ्याला बळ देत होते. ह्या पत्रासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले.

पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली. त्या मनोऱ्याला अनेक मजले आहेत. पण एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्यास शिडी नाही. ज्याने ज्या मजल्यावर जन्म घ्यावा, त्याने तेथेच मरावे, असा त्या उपमेचा आशय होता. मनोरा, मजला, शिडी हे शब्द घराघरातले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसाला ते समजत. मोठमोठ्या ग्रंथांतून जे नीट उलगडत नाही, ते अशा एका चित्रामुळे क्षणात मनावर ठसते. साहित्यातील शब्दांचे सामर्थ्य असे असते.

त्याच वर्षी, 21 व 22 मार्च 1920 रोजी, कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्य मानलेल्या लोकांची परिषद भरली. हे गाव आज हातकणंगले तालुक्यात आहे. परिषदेचे अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब. शाहू महाराज स्वतः तेथे आले. हजेरी आपण का बंद केली, हे त्यांनी जमलेल्या लोकांना समजावून सांगितले. तुम्हांला तुमचा खरा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गारही त्यांनी काढले. एका राजाने भर सभेत काढलेल्या त्या उद्गारांनी, आजवर मान खाली घालून वावरणाऱ्या माणसांना केवढा धीर दिला असेल!

कोल्हापूरच्या शेजारी, आजच्या सांगली जिल्ह्यात, वाटेगाव नावाचे गाव आहे. तेव्हा ते इंग्रजी मुलखात होते. तेथे 1 ऑगस्ट 1920 रोजी, म्हणजे माणगावची परिषद झाली त्याच वर्षी, एका मांग कुटुंबात एक मूल जन्मास आले. त्या मुलाला शाळेत फारसे जाता आले नाही. पण शब्दांनी त्याची साथ सोडली नाही. तेच पुढे शाहीर व कादंबरीकार अण्णाभाऊ साठे म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली. भुकेने तडफडणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा आणि त्याच्या लोकांवर लादलेली हजेरी यांचे चित्रण तीत आले आहे. कायद्याच्या कागदावर जी माणसे केवळ 'गुन्हेगार' होती, त्यांना ह्या कादंबरीत आई आहे, मुले आहेत, भूक आहे आणि स्वाभिमानही आहे. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एका लेखणीचे ऋण दुसऱ्या लेखणीने असे मानले.

स्वतंत्र भारताने 1952 साली तो जुना कायदा रद्द केला. ज्यांना पूर्वी 'गुन्हेगार' म्हटले जाई, त्यांच्यासाठी 'विमुक्त' हा शब्द रूढ झाला. विमुक्त म्हणजे बंधनातून सुटलेला. तथापि कायदा एका दिवसात रद्द करता येतो. लोकांच्या जिभेवर बसलेला शब्द इतक्या लवकर उतरत नाही. म्हणूनच ह्या जमातींच्या लोकांना पुढेही दीर्घकाळ संशयाचे चटके सोसावे लागले.

हे सारे राजांचे आणि पुढाऱ्यांचे शब्द झाले. रोजच्या व्यवहारातही शब्द हेच काम करीत असतात. वर्गातील एखादा मुलगा एकदा चुकीचे उत्तर देतो. कोणीतरी थट्टेने त्याला 'मठ्ठ' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सारा वर्ग त्याला त्याच नावाने हाक मारू लागतो. पुढे उत्तर येत असूनही त्या मुलाचा हात वर होत नाही. येथे सरकार नाही, कायदा नाही, चावडी नाही. तरीही एका शब्दाने एका माणसाला जखडले. अशा वेळी शेजारच्या बाकावरून कोणी हळूच म्हणाले, "अरे, सांग की! तुला येतंय," तर तोच हात पुन्हा वर होतो.

असे दोन्ही प्रकारचे शब्द प्रत्येकाच्या मुखात असतात. त्यांतला कोणता उच्चारावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. उद्या सकाळी गुरुजी पुन्हा हजेरी घेतील. प्रत्येकाचे नाव त्याच्या स्वतःच्या नावानेच उच्चारले जाईल आणि प्रत्येक जण निर्भयपणे म्हणेल, "हजर!" हा लहानसा शब्द असा मोकळ्या मनाने उच्चारता यावा, म्हणून कितीतरी माणसांनी आपले शब्द वेचले आहेत.