पाण्याच्या पोटातील वायू

चहात साखर विरघळते, आमटीत मीठ विरघळते, हे आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. थंड सरबतात साखर विरघळावयास वेळ लागतो आणि ऊन पाण्यात ती पाहता पाहता दिसेनाशी होते, हाही नित्याचाच अनुभव. परंतु पाण्यात जसे घन पदार्थ विरघळतात तसे वायूही विरघळतात, आणि त्यांची तऱ्हा मात्र उलट असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

चुलीवर पाण्याचे भांडे ठेवले असता, उकळी फुटण्याच्या पुष्कळ आधी तळाशी व कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे. ती पाण्यात विरघळलेली हवा होय. पाणी तापू लागले की त्याला वायू पूर्वीइतका धरून ठेवता येत नाही. शून्य अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांच्या पाण्यात केवळ साडेसात. मासे जगतात ते याच प्राणवायूवर. म्हणून ऐन उन्हाळ्यात तळे आटत आले म्हणजे मासे पहाटे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडताना दिसतात.

उष्णतेइतकाच दाबाचाही येथे संबंध आहे. गोटीच्या सोड्याच्या बाटलीत दाब देऊन कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात मुरविलेला असतो. गोटी आत ढकलली की दाब एकदम कमी होतो आणि वायू फसफसत बाहेर पडतो. मँचेस्टर येथील विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये याचा नियम सांगितला : जितका दाब अधिक, तितका वायू पाण्यात अधिक विरघळतो. दाब दुप्पट केला तर वायूही दुप्पट मावतो.

हा नियम केवळ शाळेच्या पुस्तकापुरता आहे, असे कोणी समजू नये. आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस नावाचे एक सरोवर आहे. ज्वालामुखीच्या मुखात साचलेले हे पाणी दोनशे मीटरहून अधिक खोल आहे. भूगर्भातून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड तळाच्या पाण्यात शिरतो. पाण्याच्या दर दहा मीटर खोलीमागे सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो; अर्थात तळाशी वीसपटीहून अधिक दाब असतो, आणि त्या दाबाखाली वायू निमूटपणे विरघळून राहतो. वरून पाहावे तर पाणी निळे आणि शांत. त्या सरोवराचे वरचे व खालचे पाणी सहसा एकमेकांत मिसळत नाही. त्यामुळे वायूचा साठा वर्षानुवर्षे वाढतच गेला.

२१ ऑगस्ट १९८६ रोजी रात्री त्या साठ्याचा उद्रेक झाला. आरंभ कशाने झाला याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पुढे काय घडले ते मात्र स्पष्ट आहे. खालचे पाणी थोडे वर आले, त्यावरील दाब कमी झाला आणि वायूचे बुडबुडे सुटले. बुडबुड्यांनी हलके झालेले पाणी वेगाने वर उसळले व आपल्यामागून आणखी पाणी ओढून घेऊ लागले. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो आकाशात न जाता दऱ्यांतून गावांवर उतरला. न्योस, चा, सुबुम या गावांतील माणसे झोपेतच गुदमरली. सुमारे १,७०० माणसे आणि साडेतीन हजार गुरे मरण पावली. तत्पूर्वी दोनच वर्षे, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, त्याच देशातील मोनून सरोवराने ३७ माणसांचा बळी घेतला होता.

ज्या नियमाने हा घात केला, त्याच नियमाने त्यावर उपायही सुचविला. २००१ मध्ये न्योस सरोवराच्या तळापर्यंत एक लांब नळ सोडण्यात आला. आरंभी तेवढे पंपाने खालचे पाणी वर ओढावयाचे. एकदा ते वर येऊ लागले की दाब कमी होऊन वायू सुटतो आणि तोच पाण्याला वर लोटीत राहतो. मग पंपाची गरज उरत नाही. पाण्याचे कारंजे सुमारे पन्नास मीटर उंच उडाले. २०११ मध्ये आणखी दोन नळ बसविण्यात आले. जो वायू एका रात्रीत सुटून अनर्थ झाला होता, तो आता थोडाथोडा सुटून हवेत विरून जाऊ लागला.

आपल्या गावात असे सरोवर नाही. पण जड वायू सखल जागी साचून राहतो, हा गुण सर्वत्र सारखाच. दीर्घकाळ वापरात नसलेल्या विहिरीत किंवा बंद टाकीत असा वायू असू शकतो, आणि त्याला रंग वा वास असतोच असे नाही. खाली उतरलेला मनुष्य कोसळला की त्याला वाचविण्यासाठी भाऊ उतरतो, त्याच्यामागून शेजारी, आणि एका मृत्यूचे तीन होतात. दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी चालही पुरेशी नाही. काही विषारी वायूंत दिवा जळत राहतो, आणि ज्वालाग्राही वायू असल्यास त्याच दिव्याने भडका उडू शकतो. अशा वेळी स्वतः न उतरता अग्निशामक दलास तत्काळ बोलवावे. ही एक गोष्ट घरातील मुलांमाणसांना आजच सांगून ठेवावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.