चरीचा शेतकरी संप : नांगर थांबला आणि कायदा हलला

संप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिरणी, कारखाना किंवा एसटी येते. पण शेतकरी संपावर गेला तर? शेत पेरलं नाही तर पहिली उपासमार त्याच्याच घरात. मग असा संप कोण करील? आपल्याच रायगड जिल्ह्यात तो झाला, आणि एक-दोन महिने नव्हे, तर सुमारे सहा वर्षं चालला! अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा हा संप गरीब शेतकऱ्याच्या जमीनहक्काचा आणि अहिंसक लढ्याचा फार मोठा धडा आहे.

आधी चार शब्द समजून घेऊ

खोत : गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. कोकणात ही पद्धत होती. सरकारला ठरलेली रक्कम दिली की कुळांकडून किती घ्यायचं, हे बऱ्याच अंशी खोताच्या मनावर असे.

कूळ : दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा शेतकरी.

खंड : जमीन कसण्याबद्दल कुळाने मालकाला द्यायचा वाटा. कोकणात तो बहुधा भातात दिला जाई.

कबुलायत : कुळाने खोताला लिहून दिलेला करार. लिहिता-वाचता न येणारं कूळ त्यावर अंगठा उठवून मोकळं होई. आत काय लिहिलंय, ते खोतालाच ठाऊक!

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. नांगरणी, लावणी, कापणी सगळं कुळाने करायचं. भात खळ्यावर आलं की खोताचा वाटा आधी निघायचा. त्यावर नाना प्रकारचे जादा हक्क आणि फुकट राबणूक, म्हणजे वेठ. पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही कुळाच्या हातात एक कागद नाही. खोताची मर्जी फिरली की जमीन गेली.

संप कसा झाला?

या भागातली बहुतेक कुळं आगरी समाजाची. त्यांना संघटित करण्याचं काम नारायण नागू पाटील यांनी केलं. गावोगाव फिरून ते एकच गोष्ट सांगत : एकटं कूळ खोतापुढे दुबळं आहे, पण सगळी कुळं एक झाली तर खोताची जमीन कसणार कोण?

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी इथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि संप जाहीर झाला. आसपासची २५ गावं त्यात उतरली. मार्ग अगदी साधा होता. खोताच्या अंगावर जायचं नाही, त्याचं घर जाळायचं नाही. फक्त त्याची जमीन नांगरायची नाही. बस्स!

यामागचं गणित नीट पाहा. खोताची ताकद जमिनीत दिसते, पण नुसत्या जमिनीतून भात येत नाही, भात येतं कष्टातून. कष्ट थांबले की खंडही थांबतो. त्यातून हा प्रदेश खाडीकाठचा. इथल्या खारजमिनीला भरतीच्या पाण्यापासून बांध वाचवतो आणि तो बांध दरवर्षी माणसांनीच राखावा लागतो. बांधाकडे दुर्लक्ष झालं की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग ती जमीन पुन्हा भातासाठी तयार व्हायला काही वर्षं जातात. म्हणजे मालकी कागदावर कोणाचीही असो, जमीन जिवंत ठेवणारा माणूस कूळच होता.

किंमत कोणी मोजली?

खोताचं उत्पन्न बुडालं हे खरं. पण त्याच्या घरी शिल्लक होती. कुळाच्या घरी काय होतं? संपकरी कुटुंबांनी डोंगरातला लाकूडफाटा तोडून विकला, रानमेवा विकला, मिळेल ती मजुरी केली. सहा पावसाळे शेतं डोळ्यांसमोर ओसाड पडलेली पाहणं शेतकऱ्यासाठी सोपं नसतं. अहिंसा म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असं काहींना वाटतं. चरीने दाखवलं की समोरच्याला इजा न करता स्वतः नुकसान सोसून ‘नाही’ म्हणत राहणं, हीसुद्धा अहिंसा आहे. आणि ती फार अवघड आहे.

चरीचा आवाज सभागृहात

१९३४ मध्ये चरी इथे भरलेल्या शेतकरी परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि त्यांनी कुळांची बाजू उचलून धरली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. नारायण नागू पाटलांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्रही सुरू केलं. शेतात संप, सभागृहात विधेयक, रस्त्यावर मोर्चा आणि हातात वृत्तपत्र, असा हा चौफेर लढा होता.

१९३९ मध्ये मुंबई सरकारने कूळ कायदा केला आणि संपही मिटला. या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही ओळख दिली. आता मालकाच्या लहरीवर कुळाला हाकलता येणार नव्हतं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याची तरतूद लागू झाली. म्हणजे संप सुरू झाल्यापासून मालकीपर्यंत २४ वर्षं!

दुसरी वाट : भूदान

याच रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी वेगळी वाट धरली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती गावापुढे मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान यात्रा सुरू झाली. विनोबा वर्षानुवर्षं पायी फिरले आणि लाखो एकर जमीन दानात मिळाली. पण त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, काही वादात होती, काही कधी वाटलीच गेली नाही.

दोन्ही मार्ग अहिंसक, तरी फरक लक्षात घ्या. भूदानात देणाऱ्याच्या मनाला हाक होती. चरीत कसणाऱ्याचा हक्क होता आणि त्यामागे संघटना उभी होती. दान मिळालं तरी ते मोजून, वाटून, नावावर चढवून घेणारी संघटना गावात नसेल, तर जमीन कागदावरच राहते.

आणि आज?

मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आले. त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. दहावीची परीक्षा सुरू होती. मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. अनेकांच्या पायांना फोड आले होते. सरकारने लेखी आश्वासन दिलं. पण अंमलबजावणीसाठी २०१९ मध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं.

चरीपासून इथपर्यंत एक गोष्ट सारखी दिसते. मोर्चा संपतो, संप मिटतो, पण सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत लढा संपत नाही.

विचार करा, करून पहा

१. सहा वर्षांत एखाद्या गावाने संप मोडला असता तर काय झालं असतं?

२. ‘दान’ आणि ‘हक्क’ यांतला फरक स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहा.

३. घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसांना विचारा : आपल्या गावात कुळाची जमीन कोणाच्या नावावर कशी झाली? शक्य असेल तर एखादा सातबारा उतारा वर्गात आणा. त्यावरचं प्रत्येक नाव तिथे कसं आलं, हे आपण मिळून वाचू.